छाती काढल्यावर पुन्हा स्तन घडवणं : पहिल्या ऑपरेशनआधी काय विचारावं, काय ठरवावं

आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरातली धावपळ ठरलेली असते. बार्शीला न्यायचं, संभाजीनगरला की थेट मुंबईला टाटाला, पैसे कुठून उभे करायचे, शेताकडं कोण बघणार. या गडबडीत जिचं ऑपरेशन आहे तिच्या मनातला एक प्रश्न मागेच राहतो. छाती काढावी लागली तर पुन्हा काही करता येईल का? डॉक्टरांचं बोलणं नवऱ्याशी किंवा मुलाशी होतं आणि त्यांच्यासमोर हा विषय काढायला ती संकोचते.

पुन्हा करता येतं. काढलेल्या स्तनाच्या जागी नवा उभार घडवण्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणतात. तो सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे आत ठेवायची पिशवी, बसवून घडवतात किंवा स्वतःच्याच पाठीची, पोटाची त्वचा आणि चरबी वापरून घडवतात. त्यामुळे कर्करोग परत येण्याची शक्यता वाढत नाही. परत आलाच तर नव्या उभाराखाली तो लपून राहील, ही भीतीही निराधार आहे. ज्या बाईला हे नको वाटतं तिनं न करणंही तितकंच बरोबर आहे. पण ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणणाऱ्या बायका मला दवाखान्यांत वारंवार भेटतात, आणि ते मला फार लागतं.

बाकी सगळं ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट आधी सांगते. हा प्रश्न छाती काढण्याच्या ऑपरेशनच्या आधी विचारा. चिरा कुठे घ्यायचा, वरची त्वचा किती राखायची, स्तनाग्र वाचवता येईल का, काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) काढताना पाठीच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी कशी जपायची, हे सगळं पुढचा बेत ठाऊक असेल तर सर्जन वेगळ्या पद्धतीनं करतो. ऑपरेशन होऊन गेलं असेल तरी दार बंद होत नाही, पाच-दहा वर्षांनीही स्तन घडवता येतो. फक्त आधी विचारलेलं असलं की हातात पर्याय जास्त राहतात.

आधी हे विचारा : पूर्ण स्तन काढावाच लागेल का?

गाठ लहान असेल, एकाच जागी असेल, तर गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून बाकी स्तन वाचवता येतो. त्यानंतर रेडिएशन घ्यावं लागतं. अमेरिकेत आणि इटलीत मिलानला झालेल्या मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत दिसलं की स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. ‘सगळं काढलं म्हणजे मुळासकट गेलं’ ही आपल्याकडची समजूत फार घट्ट आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. गाठ मोठी असेल तर आधी किमो देऊन ती लहान करता येते आणि मग स्तन वाचवण्याचा विचार होऊ शकतो.

अडचण रेडिएशनची असते. ते आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे चालतं. सेनगाव किंवा भूममधल्या बाईनं इतके दिवस शहरात राहायचं म्हणजे घर उघडं पडतं. त्यामुळे काही जणी पूर्ण स्तन काढणं पत्करतात. हा निर्णयही समजण्यासारखा आहे. मात्र एक लक्षात ठेवा. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेतल्या चार वा जास्त गाठींत आजार पोचला असेल, तर स्तन काढल्यावरही बहुतेक वेळा रेडिएशन लागतं. म्हणजे फेऱ्या वाचतीलच असं नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘स्तन काढला तर मला रेडिएशन टळणार आहे का?’

लगेच की नंतर?

स्तन काढतानाच, त्याच भुलीत, नवा घडवता येतो. याचा मोठा फायदा म्हणजे स्वतःची त्वचा राखली जाते, आकार चांगला येतो, आणि बाई शुद्धीवर येते तेव्हा छाती सपाट नसते. दुसरा मार्ग म्हणजे आधी सगळे उपचार पूर्ण करायचे आणि मग निवांतपणे हे ऑपरेशन करायचं.

यातला मुख्य मुद्दा पुन्हा रेडिएशनचाच. रेडिएशनमुळे त्वचा आकसते, कडक होते. इम्प्लांट आत असताना रेडिएशन दिलं तर त्याभोवती जमणारं शरीराचं आवरण घट्ट आवळण्याची शक्यता खूप वाढते. मग स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. स्वतःच्या ऊतींनी घडवलेला स्तन रेडिएशन तुलनेनं बरं सोसतो, तरी तोही थोडा आकसू शकतो. म्हणून रेडिएशन नक्की लागणार असं आधीच दिसत असेल, तर पुष्कळ सर्जन ते संपल्यावर सहा महिने ते वर्षभर थांबून पोटाच्या किंवा पाठीच्या मांसानं स्तन घडवायचा सल्ला देतात. काही ठिकाणी मधला मार्ग काढतात. पहिल्या ऑपरेशनमध्ये त्वचेखाली फुगवता येणारी पिशवी ठेवून जागा राखायची आणि अंतिम ऑपरेशन नंतर करायचं.

लगेच घडवलं आणि जखम चिघळली, तर पुढचा किमो लांबू शकतो. किमो वेळेवर होणं जास्त महत्त्वाचं आहे. आजार पुढच्या टप्प्यातला असेल आणि डॉक्टर ‘आत्ता नको, नंतर करू’ म्हणत असतील, तर त्यांचं ऐका. मात्र ‘नंतर’ म्हणजे कधी आणि कोणत्या पद्धतीनं, हे केसपेपरवर लिहून घ्या. तसं लिहिलेलं नसलं की पुढच्या तपासणीला बसलेला नवा डॉक्टर तो विषय काढतच नाही.

नंतर करायचं ठरलं तर एक सोय असते, काळ आपल्या हातात असतो. कापूस वेचणी आटोपल्यावर करू, ऊसतोडीहून परत आल्यावर करू, असं ठरवता येतं. कर्करोगाच्या पहिल्या ऑपरेशनला मात्र हा हिशेब लावू नका. तिथे सुगी संपायची वाट बघायची नसते.

शरीराची तयारी, आणि मिश्री

हा भाग बायका सहज घेतात, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

आपल्याकडे कितीतरी जणी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. काही जणी तंबाखू चोळून दाढेखाली धरतात. डॉक्टर विचारतात, ‘सिगारेट, बिडी ओढता का?’ उत्तर ‘नाही’ येतं आणि विषय संपतो. मिश्रीतही निकोटिनच असतं. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. स्तन घडवताना वापरलेली त्वचा आणि मांस याच बारीक वाहिन्यांच्या जोरावर जगतात. वाहिनी आवळली की त्वचेची कड काळी पडते, टाके उसवतात, कधी पूर्ण भाग मरतो. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधीपासून मिश्री, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद हवा आणि जखम भरेपर्यंत बंदच राहायला हवा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. सासूसमोर सांगायची लाज वाटत असेल तर नर्सला एकटीला गाठून सांगा.

रक्त कमी असणं ही दुसरी अडचण. हिमोग्लोबिन ८-९ घेऊन वावरणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघर आहेत. मोठ्या ऑपरेशनआधी ते १० च्या वर असावं असा भूलतज्ज्ञांचा सहसा आग्रह असतो. निदान झाल्या दिवसापासून लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू केल्या तर ऐनवेळी तारीख पुढे ढकलावी लागत नाही. साखरेचं तसंच. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम चिघळते.

तिसरी गोष्ट जुन्या ऑपरेशनची. पोटावर कुठेकुठे चिरे आहेत ते दाखवा. कुटुंब नियोजनाचा छोटा टाका किंवा सिझेरियनचा आडवा चिरा असला तरी पोटाचं मांस बहुतेक वेळा वापरता येतं. पोटाच्या मधोमध उभा चिरा असेल तर त्यापलीकडे रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, मग बेत बदलावा लागतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या. त्या ऑपरेशनचा कागद बहुतेकींकडे नसतो. कागद नसेल तर नसू द्या, चिरा दाखवा आणि ‘पिशवी काढलीय’ एवढं सांगा. गरज वाटली तर पोटातल्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन काढून डॉक्टर खात्री करतात.

टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल, रक्त पातळ करणारी गोळी असेल, गावातल्या वैद्याचा काढा असेल, तर तेही सांगा. टॅमॉक्सिफेननं रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी ती काही दिवस थांबवायची का हे डॉक्टर ठरवतात. स्वतःहून बंद करू नका.

इम्प्लांट

सिलिकॉनच्या आवरणात सिलिकॉन जेल किंवा मिठाचं पाणी भरलेली पिशवी छातीच्या स्नायूखाली किंवा त्वचेखाली बसवतात. ऑपरेशन तुलनेनं छोटं असतं, दोन-तीन तासांचं. शरीरावर दुसरीकडे कुठेही नवा चिरा नाही, दवाखान्यातला मुक्काम कमी आणि घरकामाला लवकर लागता येतं. स्तन लहान किंवा मध्यम असेल, रेडिएशन लागणार नसेल, अंगावर चरबी फारशी नसेल, तर हा चांगला पर्याय आहे.

पुरेशी त्वचा उरलेली असेल तर इम्प्लांट एकाच वेळी बसवता येतं. नसेल तर आधी एक्स्पांडर ठेवतात. ती रिकामी पिशवी असते. जखम भरल्यावर दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी त्वचेतून सुई टोचून तिच्यात मिठाचं पाणी भरत जातात, त्वचा हळूहळू ताणली जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ती काढून कायमचं इम्प्लांट बसवतात. प्रत्येक भरणीसाठी दवाखान्यात जावं लागतं. संभाजीनगरच्या बाईला हे सोपं आहे, किनवटच्या बाईनं मात्र या फेऱ्यांचा हिशेब आधी करावा. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे खरं, पण दिवस मोडतो तो मोडतोच. आणखी एक लक्षात ठेवा. बहुतेक एक्स्पांडरमध्ये चुंबक असतं, त्यामुळे तो आत असेपर्यंत एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी सांगायलाच हवं.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. ते फुटू शकतं, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, भोवतीचं आवरण घट्ट होऊ शकतं. कधीतरी, कित्येकींच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांत, ते बदलावं लागतं. पस्तिशीतल्या बाईनं हे धरूनच चालावं. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ प्रकारचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) झाल्याचं आढळलं आणि २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीला आपली बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून परत मागवावी लागली. म्हणून आपल्याला कोणतं बसवणार, गुळगुळीत की खरबरीत, कोणत्या कंपनीचं, हे विचारणं हा आगाऊपणा नाही.

पाठीचं मांस

काखेच्या मागून कंबरेकडे पसरलेला एक रुंद, चपटा स्नायू असतो. तो वरच्या त्वचेसकट आणि रक्तवाहिनी तशीच जोडलेली ठेवून काखेखालून पुढे फिरवतात. डॉक्टर याला ‘एलडी फ्लॅप’ म्हणतात. फ्लॅप म्हणजे असा एका जागेवरून दुसरीकडे नेलेला त्वचा-मांसाचा भाग. रक्तवाहिनी तोडावी लागत नाही, त्यामुळे तो दगावण्याची भीती फार कमी. सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया लागत नाही, त्यामुळे चांगला प्लास्टिक सर्जन असला की पुरतं. आपल्या भागात मोठी सोय नसलेल्या ठिकाणी हाच सगळ्यांत भरवशाचा मार्ग आहे, असं माझं मत आहे. पाठीवरचा व्रण ब्लाउजच्या पट्टीखाली झाकेल असा घेता येतो. त्यासाठी तुमचा नेहमीचा ब्लाउज ऑपरेशनआधी सर्जनला दाखवा, तो त्याप्रमाणे खुणा करतो.

पाठीचं मांस पातळ असतं, मोठ्या स्तनाला पुरत नाही. मग खाली छोटं इम्प्लांट किंवा नंतर चरबीचं इंजेक्शन लागतं. पाठीत पाणी साचणं ही नेहमीची तक्रार आहे. ते काही वेळा सुईनं काढावं लागतं, घाबरायचं कारण नाही. हा स्नायू हात वरून खाली आणि मागे ओढण्याच्या कामी येतो. रोजच्या घरकामात त्याची उणीव फारशी जाणवत नाही. पण विहिरीचं पाणी शेंदणं, कोयत्यानं ऊस तोडणं, झाडावर चढणं यांत तो हात लवकर थकतो. तुमचं पोट ज्या कामावर आहे ते काम सर्जनला नेमकं सांगा. ‘शेती करते’ एवढं पुरेसं नाही.

पोटाचं मांस

बेंबीखालची सैल त्वचा आणि चरबी वापरून घडवलेला स्तन हाताला सगळ्यांत नैसर्गिक लागतो. वजन वाढलं-घटलं की तोही तसा वाढतो-घटतो, वयाबरोबर थोडा उतरतो. इम्प्लांटसारखी बदलाबदली नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, पोट सुटलेल्या बाईला हा पर्याय बसतो. काटक, उन्हात राबून वाळलेल्या बाईच्या पोटावर इतकं मांसच नसतं. तिला पाठीचा किंवा मांडीच्या आतल्या भागाचा विचार करावा लागतो.

पोटाचं मांस वर नेण्याच्या मुख्य रीती दोन. जुनी रीत ‘ट्रॅम’. अमेरिकेतल्या कार्ल हार्ट्राम्फ या सर्जननं ती १९८२ मध्ये मांडली. पोटाचा उभा स्नायूच चरबीसकट उचलून आतल्या बोगद्यातून छातीवर आणतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, पण पोटाची भिंत कमजोर होते, फुगवटा किंवा हर्निया होऊ शकतो, म्हणून जाळी बसवावी लागते. हंडे उचलणाऱ्या, खाली बसून-उठून काम करणाऱ्या बाईला हे जाणवतं.

नवी रीत ‘डीप (DIEP) फ्लॅप’. यात स्नायू जागेवर ठेवून फक्त चरबी, त्वचा आणि तिला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या सोडवतात, पोटापासून पूर्ण तोडतात आणि छातीतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्यात लावावं, तसं. मुळं धरली तरच जगतं. ऑपरेशनला सहा ते दहा तास लागतात. पहिले दोन-तीन दिवस कळीचे. नर्स दर तासाला रंग बघते, बोटानं दाबते, छोट्या यंत्रानं रक्ताचा आवाज ऐकते. जोड बंद पडला तर काही तासांत पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. अनुभवी ठिकाणी पूर्ण फ्लॅप दगावण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन ते चारपर्यंत असतं. म्हणून हे ऑपरेशन कुठे करायचं याला फार महत्त्व आहे. नीट विचारा, ‘असे फ्लॅप तुम्ही नेहमी करता का? रात्री दोन वाजता अडचण आली तर पुन्हा ऑपरेशन करायला माणसं हजर असतात का?’ चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

पोटाचं मांस एकदाच वापरता येतं. पुढे दुसऱ्या बाजूला गरज पडली तर ते उरत नाही.

चरबीचं इंजेक्शन

पोटाची किंवा मांडीची चरबी नळीनं ओढून छातीत भरतात. एकट्या याच्या जोरावर पूर्ण स्तन घडवणं लांबलचक काम आहे. भरलेल्यातली बरीच चरबी शरीर शोषून घेतं, म्हणून दोन-तीन वेळा करावं लागतं. खड्डे भरायला, कडा सारख्या करायला, रेडिएशननं आकसलेली त्वचा मऊ करायला मात्र उपयोग चांगला होतो.

काहीच न करणं

नुसती सपाट छाती ठेवणं हाही पूर्ण निर्णय आहे. तो घेतला असेल तर सर्जनला आधी सांगा, म्हणजे काखेजवळ त्वचेची सैल घडी न ठेवता नीट सपाट शिवता येतं. ही घडी पुढे ब्लाउजमध्ये घासते, घामानं चिघळते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा त्रास लहान नसतो.

बाहेरून घालायचे कृत्रिम स्तन मिळतात. सिलिकॉनचा जड असतो, पण वजनामुळे दोन्ही खांदे समतोल राहतात. तो खिशाच्या ब्रामध्ये बसतो आणि जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी वापरायला घ्यावा. तोवर हलका, सुती, विणलेला किंवा कापूस भरून शिवलेला चालतो. मे महिन्यात सिलिकॉनखाली घाम येतो, तेव्हा घरात सुतीच बरा. गावातल्या शिंपिणीकडून ब्लाउजला आतून सुती खिसा शिवून घेतला की पदर सरकला तरी चिंता राहत नाही.

कुठे जायचं, पैसे कसे उभे करायचे

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, ही नावं आपल्या लोकांना ठाऊक आहेत. धाराशिव, लातूरकडच्यांना बार्शी जवळ पडते. कर्करोगाचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन वेगळे असतात. दोघं एकत्र बसून बेत आखतील असं ठिकाण निवडा. तिथे प्लास्टिक सर्जन रोज असतो, ठरावीक वारी येतो की बाहेरून बोलवावा लागतो, हे आधी विचारून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. त्याला नुसतं ‘कॅन्सरचं ऑपरेशन’ म्हणू नका. ‘स्तन काढण्याबरोबर फ्लॅपनं पुन्हा घडवायचा आहे, त्याची मंजुरी त्याच वेळी मागता येईल का, इम्प्लांटचा खर्च धरला आहे का?’ असं नेमकं विचारा आणि मंजुरी तारखेच्या आधी मिळवा. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा.

खासगी आरोग्य विमा असेल तर विमावाले कधी कधी ‘प्लास्टिक सर्जरी बसत नाही’ म्हणून हात वर करतात. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या कलमातच अपवाद लिहिलेला आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना या वगळणुकीत येत नाही. पॉलिसीतलं ते कलम काढून दाखवा आणि नकार लेखी मागा.

मुंबईला जायचं असेल तर नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरवरून देवगिरी, नंदिग्राम आणि तपोवन या गाड्या आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला भाडं पूर्ण माफ असतं (तिकीट मात्र काढावं लागतं), सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला हवा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं टाटाच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. जागा मिळण्यासाठी रुग्णालयाचं पत्र सोबत ठेवा.

घरी आल्यावर

पाणी काढणारी नळी आणि बाटली, म्हणजे ड्रेन, लावून घरी सोडतात. रोज ठरल्या वेळी किती मिली जमलं ते वहीत लिहा. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर सहसा नळी काढतात. नळीजवळ हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही.

नव्या स्तनाला आणि पोटाच्या चिऱ्याभोवती स्पर्श कळत नाही. काही भागात महिन्यांनी थोडा परततो, कुठे परतत नाही. म्हणून तिथे शेक घ्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी, विटकरीचा शेक, निखाऱ्याचा शेक, सगळं वर्ज्य. चटका बसलेला कळत नाही आणि सकाळी फोड दिसतात. बाळंतिणीची काळजी घ्यावी तसं कुणी मायेनं शेकायला आलं, तरी नको म्हणा.

पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर पहिले काही दिवस थोडं वाकून चालावं लागतं. सहा ते आठ आठवडे हंडा, घमेलं, लेकरू उचलायचं नाही. जमिनीवर बसणं-उठणं आणि उकिडवं बसणं जड जातं. खाट आणि खुर्चीच्या कमोडची सोय ऑपरेशनला जाण्याआधी करून ठेवा. शेजारून मागून आणली तरी चालते. पोटपट्टा डॉक्टर सांगतील तितके दिवस बांधा.

हाताचा व्यायाम फिजिओथेरपिस्टनं सांगितलेल्या दिवसापासून रोज. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, कालच्यापेक्षा थोडा वर. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत. खुरपताना, कापूस वेचताना, पाचट उचलताना हातमोजा घाला. काट्याची साधी जखमही लगेच धुवा. सूज, लाली, ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्तनाची त्वचा काळी-निळी पडली, अचानक फुगली, टाक्यांतून पू आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ऑपरेशन जिथे झालं त्या वॉर्डाचा नंबर घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या.

राहिलेलं काम

सूज उतरून आकार स्थिरावायला तीन-चार महिने लागतात. त्यानंतर स्तनाग्र घडवता येतं. तिथल्याच त्वचेची छोटी घडी उभी करतात आणि भोवतालचा रंग गोंदवून आणतात. हे छोटं काम आहे, बहुतेक वेळा जागा बधिर करून होतं. दुसरा स्तन मोठा किंवा उतरलेला असेल तर तो उचलून, लहान करून जुळवता येतो. दोन्ही अगदी सारखे होतील असं कुणी वचन देत असेल तर त्याच्याकडून आधीच्या रुग्णांचे फोटो मागा. तुमचे फोटो काढणार असतील तर ते कुठे वापरणार हे विचारून मगच सही करा.

घडवलेल्या बाजूला सहसा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) लागत नाही. दुसऱ्या बाजूची दरवर्षी लागते, ती चुकवू नका. सिलिकॉनचं इम्प्लांट असेल तर ते आतल्या आत फुटलं आहे का हे बघायला पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगतात. इम्प्लांटबरोबर कंपनीचं नाव, आकार आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मिळतं. न मागता मिळालं नाही तर मागून घ्या, त्याची झेरॉक्स काढा आणि मूळ कार्ड बायोप्सीच्या रिपोर्टसोबत त्याच फाईलमध्ये ठेवा.